आधी हाड, मंग कातडी

कोणाचीही गिटार हातात आली की मिस्त्री ती वाजवून बघत नसत. आधी उताणी मांडीवर घेत आणि तारा जिथे अडकवलेल्या असतात त्या शिसमाच्या पट्टीखाली, म्हणजे ब्रिजखाली, डाव्या अंगठ्याचं नख सरकवून पाहत. नख आत गेलं नाही तर गिटार मुकाट्यानं मालकाला परत. गेलं तर मालकाच्या तोंडाकडे बघून एकच शब्द बोलत.

"मेली."

देवळीत माझं रंगाचं आणि हार्डवेअरचं दुकान आहे. त्याच्या भिंतीला भिंत लागून त्यांचा कारखाना होता. कारखाना म्हणजे टिनाची एक लांबट खोली, मागे दोन खोल्यांचं घर. गावात सगळे त्यांना मिस्त्री म्हणत, मीही तेच म्हणेन. नाव सांगून काही साधत नाही. असा माणूस तुमच्याही गावात असणारच. हातात कसब आणि जिभेवर सुरी. आपण हातासाठी त्याच्याकडे जातो आणि जीभ सोसून परत येतो, आणि घरी आल्यावर वर त्याचं कौतुकही सांगतो.

मूळचे ते दारं-खिडक्या करणारे. मग भजनी मंडळांच्या पेट्या दुरुस्त करू लागले. एकदा कोणीतरी फुटलेली गिटार आणून दिली. ती त्यांनी पूर्ण उघडली, आत डोकावले आणि मला हाक मारून दाखवली. "पाहा शेट, आत काईच नाई. नुस्ती हवा. अन् लोकं हवेसाठी इतकं रडते." त्यानंतर दोन महिने दारं-खिडक्या बंद. पहिली गिटार केली, मग दुसरी. पुढे पुढे वर्ध्याची, नागपूरची पोरं मोटरसायकलवर त्यांचा पत्ता विचारत माझ्या दुकानापाशी थांबू लागली.

बोरगाव मेघेचा एक कॉलेजचा पोरगा मला चांगला आठवतो. वडिलांनी बारावी झाल्यावर घेऊन दिलेली गिटार घेऊन आला होता, फक्त तारा बदलायला. मिस्त्रींनी नख सरकवलं. गेलं आत. त्यांनी स्टोव्हवर पातळ पाती तापवली, ब्रिजखाली घातली आणि पोराच्या डोळ्यांदेखत ब्रिज उचकटून त्याच्या तळहातावर ठेवला. खाली चकचकीत पॉलिश.

"पाह्य. पॉलिशवर चिटकवला. म्हंजे आंगात शर्ट, अन् शर्टावरून मलमपट्टी. जखमेले काय लागन?"

"काका, पण वाजत होती ना चांगली," पोरगा रडायच्या बेताला आला होता.

"मेल्यावरबी नखं वाढते, बावा."

मी पायरीवर उभा राहून खो खो हसलो. चार दिवसांनी त्यांनी ती गिटार अशी करून दिली की नव्यापेक्षा गोड वाजायला लागली. एक चहा तेवढा पोराकडून प्याले. पण तो पोरगा पुन्हा त्या गल्लीत दिसला नाही. मिस्त्रींना वाटे लोक कामाच्या गुणावर परत येतात. येतही, पण मान खाली घालून येत.

मला तरी कुठे सोडत. माझ्याकडचा चपडा, म्हणजे पॉलिशची लाख, घ्यायला आले की एक पापुद्रा दाढेखाली धरून चावत आणि माझ्याच पायरीवर थुंकत. "शेट, हे लाख हाय का मागच्या जन्माचं पाप?" दुकानात चार गिऱ्हाइकं असली की हमखास. आणि मग तीच लाख घेऊन जात.

आता मुद्द्यावर येतो. सहा तारा ताणल्या की त्या मिळून एका माणसाच्या वजनाएवढ्या जोरानं ब्रिजला ओढतात. ब्रिज कोऱ्या लाकडावर चिकटवला तरच टिकतो, पॉलिशवर चिकटवला तर आज ना उद्या उपटून येतो. म्हणून कारागिरांच्या दोन तऱ्हा. एक म्हणजे ब्रिज आधी चिकटवायचा आणि मग त्याच्या भोवतीनं पॉलिश करायचं. दुसरी म्हणजे ब्रिजच्या मापाचा कागद लावून तेवढी जागा कोरी ठेवायची, बाकी अंगाला पॉलिश करायचं आणि शेवटी कागद काढून तिथे ब्रिज बसवायचा. दोन्ही तऱ्हांनी चांगल्या गिटारी होतात. मिस्त्रींना मात्र दुसरी तऱ्हा नुसती ऐकूनही राग येई. "आधी हाड, मंग कातडी," ते म्हणत. "देवानंबी तसंच केलं. तुमी देवाचे बाप लागून गेले का?"

ही कातडी चढवायची कोणी? वहिनींनी.

मिस्त्रींच्या बायकोचा हात पॉलिशला असा होता की मी चाळीस वर्षं रंग विकतो, पण तसा दुसरा पाहिला नाही. स्पिरिटात विरघळवलेली लाख, कापडात बांधलेली कापसाची पुरचुंडी, आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत न थांबता फिरणारा हात. मध्ये हात थांबला की डाग पडतो. आता त्या सपाट अंगाच्या मधोमध ब्रिज उभा असेल तर हात थांबणारच. कोपऱ्यांत लाख साचायची. मग वहिनी आगकाडीला कापूस गुंडाळून एकेक कोपरा दोन दोन दिवस उजळत बसायच्या. उजव्या अंगठ्याची कातडी कायम फाटलेली. भाकरी थापताना मीठ लागलं की तोंडातून आवाज यायचा, तो मला दुकानात ऐकू यायचा.

आणि मिस्त्री बायकोला हाक काय मारत? "ओ पॉलिश!" पॉलिश, पाणी आण. पॉलिश, कोन आलं पाह्य. गल्लीतल्या शिंप्यापासून मोबाईलवाल्यापर्यंत सगळ्यांना त्याची मजा वाटे. सांगायला लाज वाटते, पण एकदोनदा माझ्याही तोंडून निघालं. वहिनींनी मलाही ओ दिली.

कागदाची तऱ्हा वहिनींना कधीच सुचली होती. दर गिटारीला त्या एकदा म्हणून बघत आणि दर वेळी शिव्या खात. एवढा विरोध का, हे एकदा त्यांनीच मला सांगितलं. मिस्त्रींनी पहिली गिटार पॉलिश आधी करून केली होती. घाईत ब्रिजखालचं पॉलिश पुरतं खरवडलं नाही. नागपूरच्या एका दुकानात दाखवायला नेली आणि तिथल्या मालकाच्या हातातच ब्रिज उपटला. दुकानातली नोकरमाणसं हसली. "तवापासून त्यायले कोरी जागा दिसली का आंग थरथरते, भाऊजी," वहिनी म्हणाल्या. मला मिस्त्रींची दया आली, ती तेव्हाच पहिल्यांदा.

एक दिवस वहिनी दुकानात आल्या. "भाऊजी, मोबाईलमंधी पाहा ना, बाकीचे लोकं कसे करते." मी शोधून दिलं. परदेशातला एक म्हातारा कागद काढून कोऱ्या जागेवर ब्रिज बसवत होता. वहिनींनी ते तीनदा पाहिलं. भाषा कळत नव्हती, पण बोटांकडे त्यांचं बरोबर लक्ष होतं. मग पदर खोचून तशाच कारखान्यात गेल्या, आणि पुढचं सगळं मी भिंतीपलीकडून ऐकलं.

"एक गिटार मले माह्या मनानं करू द्या."

"अन् उपटली त्?"

"उपटली त् पुन्हा तोंड नाई उघडनार. अन् टिकली त् मले पॉलिश म्हनाचं नाई. माह्या बापानं नाव ठेवलं हाय."

बराच वेळ रंधा चालल्याचा आवाज आला. मग मिस्त्री म्हणाले, "कर. मी हात लावत नाई."

गिटार वर्ध्याच्या एका शाळेतल्या मॅडमसाठी होती. खोका मिस्त्रींनी केला, पुढचं सगळं वहिनींनी. असं पॉलिश त्यांनी आयुष्यात केलं नव्हतं, कारण हाताला अडवणारं काही नव्हतंच. गिटारीच्या अंगात वरच्या छपराच्या टिनाच्या फटी दिसत होत्या. मी दिवसातून तीनदा काहीतरी निमित्त काढून बघून येई. मिस्त्रीही बघत, पण मान वळवून.

ब्रिज बसवायच्या दिवशी दुपारी मी सरेस, म्हणजे लाकूड चिकटवायचा गोंद, द्यायला गेलो. सरेस ठेवला हो, म्हणत डबा वहिनींच्या मागे हाताशी सरकवला आणि दारात परत आलो. वहिनी आमच्याकडे पाठ करून खाली बसल्या होत्या. कागद काढलेला, जागा खरवडून कोरी, पांढरी. मिस्त्री दाराजवळच्या बाकावर रंध्याची पाती घासत होते. वहिनींनी शेजारी ठेवलेल्या ताटलीतून कुंकू घेतलं. आपल्याकडे नवी वस्तू घरातून जाताना तिला कुंकू लावतात. एरवी त्या गिटारीच्या भोकातून हात घालून आत लावत. आज त्यांना वाटलं असेल की ही जागा बरी, ब्रिजखाली कायमचं राहील आणि कोणाला दिसणारही नाही. कुंकू ओलं करायला त्यांनी निरांजनातलं तेल घेतलं होतं. तेलात कालवलेलं ते कुंकू त्यांनी बोटानं कोऱ्या लाकडावर चांगलं रुंद लावलं, आणि हात जोडले.

तेल लागलेल्या लाकडाला सरेस धरत नाही. हे मला माहीत आहे, कारण मी ते विकतो. मिस्त्रींना तर माहीत होतंच. वहिनींनी जन्मभर पॉलिश केलेलं, चिकटवलं कधीच नव्हतं. माझं तोंड उघडलं, तेवढ्यात मिस्त्रींनी माझं मनगट धरलं. जोरात नव्हे, हलकेच.

"चूप राहा, शेट," ते पुटपुटले.

मी चूप राहिलो. नवराबायकोच्या मधे आपण कशाला पडा, असं मी त्या दिवशी स्वतःला सांगितलं. खरं सांगायचं तर पुढे काय होतं ते मलाही पाहायचं होतं. वहिनींनी सरेस लावून ब्रिज बसवला, शिकंजा आवळला, आणि मी त्यांना दिसायच्या आत बाहेर पडलो.

चौथ्या दिवशी मॅडम आल्या, बरोबर त्यांचा भाचा. मिस्त्रींनी त्या दिवशी कधी नाही ती सगळ्यांसाठी चहा सांगितला. शिंप्याला बोलावलं, मोबाईलवाल्याला बोलावलं, मला बोलावलं. वहिनी नवं लुगडं नेसून चौकटीला टेकून उभ्या होत्या. मॅडम पॉलिशवरून हात फिरवत राहिल्या. "वहिनी, हे तुम्ही केलं? आरसा आहे हो हा!" वहिनी नुसत्या हसल्या. त्यांचे दात मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट पाहिले.

"तार मी चढवतो," मिस्त्री म्हणाले. एक चढवली. दुसरी, तिसरी. भाच्यानं मोबाईल धरून शूटिंग सुरू केलं. पाचव्या तारेपर्यंत मलाही वाटायला लागलं की टिकतो की काय. मी खरंच मनातून देवाला हात जोडले, हेही लिहून ठेवतो. सहावी तार ताणताना फाडकन आवाज झाला. ब्रिज उडाला, तारांना लटकून राहिला. आणि गिटारीच्या पोटावर, त्या आरशाच्या मधोमध, लालभडक कुंकवाचा पट्टा.

मग शिंपी म्हणाला, "गिटारीले सवाशीन करून ठेवलं की वहिनीनं!" आणि सगळे हसले. मॅडमनी तोंडावर रुमाल धरला. मीही हसलो.

मिस्त्री हसले नाहीत. त्यांनी स्पिरिटाची चिंधी वहिनींकडे फेकली.

"घे, पॉलिश. पूस आता तिचं कुंकू."

जिवंत नवऱ्यानं भरल्या कपाळाच्या बाईला हे म्हणावं. शिंप्यानं चहाचा कप खाली ठेवला. वहिनी खाली बसल्या आणि पुसलं. नवं लुगडं सरेसाच्या डब्याला लागलं, तेही त्यांनी सावरलं नाही. ते शूटिंग संध्याकाळपर्यंत अर्ध्या तालुक्याच्या मोबाईलवर फिरलं. महिनाभर बायका बाजारात त्यांना थांबवून विचारत होत्या की गिटारीची ओटी कधी भरता.

आता नीट ऐका. पुढच्या आठवड्यात मिस्त्रींनी ती जागा पुन्हा तासली, कोरी केली आणि तोच ब्रिज त्याच गिटारीवर चिकटवला. पॉलिश आधी, ब्रिज नंतर. म्हणजे वहिनींचीच तऱ्हा झाली ना? ती गिटार आज तीन वर्षं मॅडम शाळेत वाजवतात आणि ब्रिजखाली कागदसुद्धा सरकत नाही. मी मिस्त्रींना एकट्याला गाठून हे बोललो.

"शेट," ते म्हणाले, "तुमी रंग इका."

त्या हिवाळ्यात वहिनी भाचीच्या लग्नाला माहेरी, रोहण्याला गेल्या. पंधरा दिवस राहिल्या, म्हणजे मुद्दामच राहिल्या. मी एकदा कारखान्यात डोकावलो तर मिस्त्री नाकावर चष्मा घेऊन आगकाडीला कापूस गुंडाळत होते. ब्रिजचे कोपरे उजळत बसले होते. अंगठ्याला चिंधी. मला पाहून ओशाळले. "हे कोपरे हरामी हाय बे," म्हणाले. "कशी करत असन थे?" एवढंच. थोड्या वेळानं म्हणाले, "तिले सांगजा नोको." मला वाटलं, आता काहीतरी फरक पडेल. वहिनी एसटीतून उतरून दारात आल्या, पिशवीही खाली ठेवली नव्हती, तेवढ्यात आतून हाक आली, "ओ पॉलिश, पाणी आण." आवाज आधीपेक्षा मोठा होता.

या उन्हाळ्यात ते गेले. सकाळी एका गिटारीची मान घासत होते, छातीत कळ आली, वर्ध्याला नेईपर्यंत राहिले नाहीत. ज्यांच्या गिटारींना त्यांनी मेली म्हटलं होतं ती पोरंही मोटरसायकली घेऊन आली. सगळे म्हणत होते, असा हात पुन्हा होणार नाही. जिभेबद्दल कोणी बोललं नाही, मयताच्या दारात तेवढी रीत आपण सगळेच पाळतो. खरं सांगू का, मला त्यांची जीभही आठवते. चपडा आता कोणी चावून बघत नाही.

पाचसहा अर्धवट गिटारी मागे राहिल्या होत्या. दीड महिन्यानं वहिनींनी टिनाचं दार उघडलं. ब्रिजसुद्धा आता त्याच चिकटवतात, असं कळलं. मी चपड्याची पुडी घेऊन गेलो. वहिनी खिडकीशी बसल्या होत्या. मांडीवर गिटार, तिच्यावर ब्रिज आधीच बसवलेला, आणि हातात आगकाडी. कोपरे चालले होते.

"वहिनी, आता तरी कागद लावून करा ना. आता कोण नाही म्हणतं?"

"नाई म्हननारा गेला, भाऊजी. आता कोनाले दाखवू?"

मला राहवलं नाही. तीन वर्षं पोटात ठेवलेलं बाहेर आलं. म्हटलं, वहिनी, तुमचं काही चुकलं नव्हतं. कुंकवात तेल होतं, त्यानं ब्रिज उडाला. तुमची तऱ्हा बरोबरच होती.

"तेलाचं मले पुसतानीच समजलं. बोटं बुळबुळीत झालती."

"मिस्त्रींनी पाहिलं होतं. तुम्ही लावत होतात तेव्हाच."

"असनच पाह्यलं," त्या शांतपणे म्हणाल्या. काडी फिरतच होती. "माह्या हातावर त्यायची नजर नाई, असा दिवस नाई गेला."

इथे मी थांबायला हवं होतं. पण मन हलकं करायला निघालेल्या माणसाला थांबता येत नाही.

"मीही होतो, वहिनी. दारात उभा होतो. मीही पाहिलं."

काडी थांबली. कोपऱ्यात लाख साचली, ती मी पाहिली.

"तुमी त् डब्बा ठेवून गेलते ना?"

"ठेवला, आणि उभा राहिलो."

त्या माझ्याकडे बघत होत्या, रागानं नाही, ओळख पटत नसल्यासारखं.

"मी तीन वर्स मनाले समजावलं, का तवा भाऊजी तिथं नोते. असते त् त्यायनं आवाज देल्ला असता."

मी चपड्याची पुडी खिडकीत ठेवली. वहिनींनी जुना कापूस काढून टाकला, काडीला नवा गुंडाळला आणि मान खाली घातली.

"जातानी दार ओढून घेजा," त्या म्हणाल्या. "पॉलिशवर धूळ बसते."

मी बाहेर आलो आणि दार ओढून घेतलं.